छापण्याआधी कुणी वाचलं?

खान्देशातल्या एका वाङ्मय पुरस्काराच्या आवाहनात यंदा एक नवी अट आली आहे. लेखकानं स्वतः प्रकाशित केलेली कादंबरी किंवा कथासंग्रह स्पर्धेला पाठवू नये, अशी. अट एका ओळीची, पण तिच्यावरून जळगावपासून शहाद्यापर्यंतच्या लिहित्या मंडळींत सरळ दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते, बरं झालं. हल्ली ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत तो कादंबरीकार होतो, कुणीतरी दार लावायलाच हवं होतं. दुसरी म्हणते, हे दार पुण्या-मुंबईच्या लोकांनी आमच्यासाठी कधी उघडलंच नव्हतं, आता आपल्याच माणसांनी त्याला कुलूप घातलं. दोन्हीकडचं ऐकून घेतलं की लक्षात येतं, यात पुस्तकांबद्दल कुणी बोलतच नाहीये. छपाईचं बिल कुणी भरलं, एवढ्यावरच सगळं अडलंय.

बिल कुणी भरलं यावरून कादंबरीचं काहीही कळत नाही, असं माझं म्हणणं आहे. कळतं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. छापण्याआधी ती कुणी वाचली, वाचणाऱ्याला ‘हे जमलेलं नाही’ म्हणायची मोकळीक होती का, आणि छापून झाल्यावर लेखकाच्या सोयऱ्याधायऱ्यांबाहेरच्या कुणी ती शेवटपर्यंत नेली का? स्वप्रकाशित कथा-कादंबऱ्यांचा दर्जा आज एकंदरीत वाईट आहे, याबद्दल माझी पहिल्या बाजूशी तक्रार नाही. पण लेखकानं पदरचे पैसे घातले म्हणून तो वाईट झालेला नाही. लेखकाच्या टेबलापासून छापखान्यापर्यंतच्या वाटेत वाचणारा माणूसच भेटला नाही, म्हणून झाला आहे. आणि ही उणीव भरून काढणं आपल्याला जमणार नाही असं निदान खान्देशानं तरी म्हणू नये.

आधी पहिल्या बाजूचं जे खरं आहे ते तिला देऊन टाकतो. आमच्या भागातली स्वप्रकाशित पुस्तकं हाताला लागतील तशी मी वाचत असतो आणि त्यातली बरीचशी वाचवत नाहीत. सुरुवातीला आमदारांचा शुभेच्छा संदेश, मग प्राचार्यांची प्रस्तावना, मग मनोगत, मग ऋणनिर्देश. कादंबरी सुरू व्हायला विसावं पान उजाडतं. श्रीलिपी या जुन्या टंकातून युनिकोडात आणताना फुटलेली जोडाक्षरं तशीच छापलेली. नायकाची आई दुसऱ्या प्रकरणात सुमन आणि सातव्यात कुसुम. तीन पिढ्यांची कहाणी एकशे चाळीस पानांत, त्यामुळे माणसं जन्मतात, शिकतात, लग्न करतात, मरतात ती सगळी घाईघाईत. नायक गरीब पण हुशार, शेवटच्या पानावर कलेक्टर. हे मी हसण्यावारी नेत नाही. या पुस्तकांत कुणाचा भविष्य निर्वाह निधी गेलेला असतो, कुणाचे एका हंगामाचे कापसाचे पैसे. पण वर्षाकाठी चार-सहा कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसानं हा सगळा ढीग स्वतः उपसून त्यातून चांगलं शोधावं, असं त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? लिहिण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पुस्तक मिटून ठेवण्याचा वाचकालाही आहे, आणि तो एकदा मिटून ठेवायला शिकला की पुढच्या चांगल्या पुस्तकालाही हात लावत नाही. वाईट पुस्तकाचं खरं नुकसान शेजारच्या पुस्तकाला सोसावं लागतं.

प्रकाशकाच्या घरी खरंच काम व्हायचं, हेही कबूल करायला हवं. ‘मौज’ प्रकाशनात आणि त्यांच्या ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन एकेका कथेसाठी लेखकाच्या किती मागे लागत, याच्या हकिगती मराठीत भरपूर लिहून ठेवलेल्या आहेत. ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी त्या वयाच्या माणसाच्या पहिल्या कादंबरीवर आपले पैसे लावले. आपले पैसे दुसऱ्याच्या लिहिण्यावर लावायचे म्हटले की माणूस ते लिहिणं झक मारत वाचतो. दर्जा राखण्याची जुनी तजवीज एवढीच होती. तिच्यात तोटा सोसायची भीती होती आणि त्या भीतीपोटी वाचन होतं.

आता ती तजवीज कुठे आहे? ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. काही प्रकाशक आजही मन लावून काम करतात, नाही असं नाही. पण बऱ्याच ठिकाणी पैसे लेखकाचेच असतात. कवितासंग्रहाचं तर ते उघड गुपित आहे; कादंबरीच्या बाबतीत ‘इतक्या प्रती तुम्ही उचला’ असं सांगून तोच हिशेब जमवला जातो. तोटा लेखकाच्या खिशातून जाणार असेल तर प्रकाशकानं संहितेवर रात्री कशाला जागवाव्यात? म्हणजे पुरस्कार समितीच्या या अटीतून नेमकं कोण गळणार? ज्यानं सरळपणानं ‘प्रकाशक’ म्हणून स्वतःचं नाव छापलं तो बाहेर, आणि ज्यानं तेवढेच पैसे मोजून एखाद्या प्रकाशनाचं बोधचिन्ह मिळवलं तो आत. दोघांच्याही कादंबऱ्या छापण्याआधी कुणी वाचलेल्या नाहीत. खऱ्या बोलण्याचा दंड आणि बोधचिन्हाला सूट, याला दर्जाची चाळणी कसं म्हणायचं?

दुसऱ्या बाजूकडे या. तिचा सगळ्यात भक्कम पुरावा इतिहासातला आहे आणि तो हलक्यानं घेता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. तिथे ते नाकारलं गेलं आणि छापील रूपात यायला जवळजवळ सव्वाशे वर्षं लागली. ‘गुलामगिरी’ त्यांनी १८७३ साली स्वतःच प्रसिद्ध केली. ‘शेतकऱ्याचा असूड’ तर ‘दीनबंधू’नं, म्हणजे आपल्याच लोकांच्या पत्रानं, सुरुवातीची प्रकरणं छापून पुढे थांबवला. १८८५ साली मराठी लेखकांच्या ग्रंथकार सभेचं बोलावणं आलं तेव्हा जोतीरावांनी ते नाकारणारं जे उत्तर पाठवलं, ते आजही एखाद्या संमेलनाच्या मांडवात मोठ्यानं वाचायचं तर छाती लागेल. हरिभाऊ आपट्यांचं घ्या. १८९० पासून ते ‘करमणूक’ हे साप्ताहिक स्वतः चालवत आणि स्वतःची कादंबरी त्यातच क्रमशः छापत. आजच्या व्याख्येनं मराठी कादंबरीचा हा मोठा माणूसही स्वप्रकाशितच ठरतो. समितीला त्यांचा अर्ज परत करावा लागला असता. साठच्या दशकातली अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारी छोटी मासिकं, सायक्लोस्टाइल करून, पदरमोड करून निघाली आणि त्यांनी मराठी कवितेचं बोलणंच बदलून टाकलं. एवढी उदाहरणं समोर असताना ‘स्वतः छापलं ते दुय्यम’ हे कुणी शहाण्यानं म्हणू नये.

पण या उदाहरणांतून दुसरी बाजू जे सिद्ध करू बघते ते काही सिद्ध होत नाही. फुल्यांना कमिटीनं नाकारलं हे खरं, म्हणून कमिटीनं नाकारलेला प्रत्येक जण फुले होत नाही. शिवाय या लोकांना प्रकाशक नसला तरी वाचक समोर उभा होता, तोही तोंडावर बोलणारा. ‘गुलामगिरी’ आली त्याच वर्षी सत्यशोधक समाज उभा राहिला. ते लिहिणं सभेत बोललं गेलं, त्यावर वाद झाले, अंगावर आलेल्यांना उत्तरं द्यावी लागली. हरिभाऊंच्या कादंबरीचा हप्ता आवडला नाही तर वर्गणीदार तुटणार होता. अनियतकालिकवाले तर एकमेकांची सालटी काढत. लेखकाचा ‘लेखकराव’ कसा होतो हे नेमाड्यांनी लिहिलं ते त्याच वातावरणात. आजच्या स्वप्रकाशित लेखकाला यातलं काय मिळतं? ‘सर, अप्रतिम!’ एवढंच. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहून दिलेली प्रत कुणी न वाचता टीव्हीखाली ठेवली तरी लेखकाला कधी कळत नाही.

आपल्याकडे हा वाद निघाला की थोड्याच वेळात बहिणाबाईंचं नाव येतं. आसोद्याची लेक, अक्षरशत्रू, ना प्रकाशक ना संपादक, तरी बघा! हे उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरतं पाहिलेलं नसतं. बहिणाबाईंची गाणी शेतात, जात्यावर, घरकामात जुळली. ती कागदावर उतरवली त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. सोपानदेव स्वतः कवी, म्हणजे कुठली ओळ उभी राहते आणि कुठली पडते हे कळणारा माणूस. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी त्या कविता आचार्य अत्र्यांपुढे ठेवल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. अत्रे काही घरचे नव्हते, आणि भिडेखातर कुणाला चांगलं म्हणण्याबद्दल त्यांची ख्याती तर मुळीच नव्हती. कविता पसंत पडली नसती तर त्यांनी ते कसल्या भाषेत सांगितलं असतं, याची कल्पना सोपानदेवांना असणारच; तरी त्यांनी वही तिथेच नेली. आज आपण प्रस्तावना कुणाकडे मागायला जातो? जो नाही म्हणणार नाही अशी खात्री आहे त्याच्याकडे. बहिणाबाईंच्या कवितेला अशा सवलतीची गरज नव्हती, हे सोपानदेवांना माहीत होतं. याच उदाहरणाची दुसरी कड मात्र पहिल्या बाजूला टोचायला हवी. कुठलाही प्रकाशक जळगावात त्या बाईला शोधत आला नव्हता. मुलगा कवी नसता तर? अशा किती जणी वहीपर्यंतही पोचल्या नसतील याचा विचार केला की दाराचं कौतुक करताना जीभ जरा अडखळते.

प्रकाशकाशिवाय पण वाचकासमोर लिहिणं कसं असतं, याचा नमुना अमळनेरात आहे. साने गुरुजी प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात ‘छात्रालय दैनिक’ हातानं लिहून काढत. छपाई नाही, प्रकाशक नाही, एकच प्रत. स्वप्रकाशन याहून शुद्ध काय असणार! पण वाचणारी मुलं त्याच छताखाली राहणारी. कुठल्या मजकुराभोवती ती गोळा होतात आणि कुठून काढता पाय घेतात, हे लिहिणाऱ्याला त्याच सकाळी दिसत असणार. पुढे ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत लिहून झाली याचं आपण नवल करतो. त्याआधी मुलांसमोर रोज झिजलेली ती लेखणी विसरतो. अगदी अलीकडचं, परक्या मुलखातलं उदाहरण हवं असेल तर अँडी विअर या अमेरिकन लेखकाची ‘द मार्शियन’ ही कादंबरी घ्या. प्रकाशक मिळत नव्हते म्हणून त्यानं प्रकरणं आपल्या संकेतस्थळावर एकेक करून टाकली, वाचकांनी विज्ञानातल्या चुका दाखवल्या, त्या त्यानं दुरुस्त केल्या, २०११ साली किंडलवर अगदी किरकोळ किमतीला पुस्तक ठेवलं आणि २०१४ साली मोठ्या प्रकाशनानं ते उचललं. स्वप्रकाशनाचे कैवारी ही गोष्ट सांगताना पहिलं आणि शेवटचं वाक्य सांगतात. मधलं, चुका दाखवणाऱ्या वाचकांचं, गाळतात.

हे सगळं हवेत राहू नये म्हणून एका कादंबरीबद्दल जरा सविस्तर बोलतो. जळगाव जिल्ह्यातल्या कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात नोकरी केलेल्या माणसानं स्वखर्चानं काढलेली ती कादंबरी आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे जे म्हणणार आहे ते त्याला आधी समोरासमोर सांगायला हवं. पुस्तकाचे पहिले दोन-तीन फॉर्मे, म्हणजे तीस-चाळीस पानं, ओढून न्यावे लागतात. मग अचानक एक प्रसंग येतो. गावात खेडा खरेदीचा, म्हणजे गावातच येऊन कापूस घेणारा, व्यापारी आलाय. निंबाच्या फांदीला काटा टांगलाय. कापसाची गाठोडी एकेक करून काट्याला लागतायत आणि व्यापाऱ्याचा पोऱ्या गाठोडं सरळ करतोय असं दाखवत त्याला खालून हळूच गुडघा लावतो. शेतकऱ्याच्या बायकोला गुडघा दिसतो. शेतकऱ्यालाही दिसतो. बायको नवऱ्याकडे बघते, नवरा काट्याकडे बघतो आणि आकडा मोठ्यानं वाचतो, कारण बियाण्याची उधारी त्याच व्यापाऱ्याची आहे. पुढच्या गाठोड्याला बाई स्वतः जाऊन उभी राहते, पोऱ्याच्या अगदी जवळ, आणि त्याला विचारते, जेवला का रे बाळा? पोऱ्याचा गुडघा मागे होतो.

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि ओसरीत एक फेरी मारून आलो. गेल्या काही वर्षांत मोठ्या नावाच्या प्रकाशनांकडून आलेल्या, स्वच्छ प्रुफांच्या, गुळगुळीत मुखपृष्ठांच्या कितीतरी ग्रामीण कादंबऱ्यांत अशी एक ओळ सापडली नव्हती. आणि लगेच पुढच्या परिच्छेदात या लेखकानं काय केलं असेल? ‘अशा प्रकारे युगानुयुगे बळीराजाचे शोषण होत आले आहे’ इथून सुरू होणारं अर्ध्या पानाचं भाषण. ज्या माणसाला तो गुडघा दिसला त्याच माणसाला भाषणाशिवाय राहवलं नाही, कारण वाचकाला गुडघा कळेल असा त्याचा विश्वास नव्हता. आणि तो विश्वास असावा तरी कसा, आजवर त्याला वाचकच भेटलेला नाही. एक, फक्त एक वाचणारा माणूस पेन्सिल घेऊन शेजारी बसला असता आणि त्या अर्ध्या पानावर काट मारून म्हणाला असता, ‘भाऊ, बाई बोलली, आता तुम्ही बोलू नका’, तर हे पुस्तक वेगळंच झालं असतं. त्या काटेची किंमत किती? छपाईच्या बिलापुढे नगण्य. पुरस्काराची नवी अट अशा कादंबरीला न वाचता परत पाठवील. आणि दुसरी बाजू तिला भाषणासकट डोक्यावर घेईल. दोन्हीकडून या लेखकाचं नुकसानच आहे.

संपादन म्हटलं की आमच्याकडे एक रास्त भीतीही पुढे येते. संपादक पुण्याचा असला तर आमच्या अहिराणीचं काय करील? ही भीती अनुभवातून आलेली आहे. अहिराणी संवाद सरळ प्रमाण मराठीत ओढून आणलेली संहिता मी पाहिली आहे. साक्रीकडची म्हातारी त्यात सदाशिव पेठेतल्या काकूंसारखी बोलत होती. धुळ्याकडची अहिराणी आणि रावेर-यावलकडची लेवा गणबोली यांतला फरक ज्याच्या कानाला लागत नाही, त्यानं त्या संवादांना हात लावू नये. पण यावरून संपादक नको असं निघत नाही, संपादक इथलाच हवा असं निघतं. बोलीतही चूक आणि बरोबर असतंच. एकच पात्र एका पानावर अहिराणी आणि पुढच्या पानावर मालिकेतली गावरान मराठी बोलायला लागलं, तर ते पकडायला अहिराणी घरात बोलणाराच माणूस लागतो. दर्जाच्या भीतीनं बोली पुसायची आणि बोलीच्या अभिमानात दर्जा विचारायचा नाही, या दोन खोडींची जोडी आपल्याकडे फार दिवस सुखानं नांदते आहे.

आता वाचकाचा प्रश्न. चांगला नवा लेखक सापडायचा कसा? आयएसबीएनवरून तर मुळीच नाही. तो फक्त पुस्तकाचा ओळखक्रमांक. आपल्या देशात सरकारी यंत्रणा तो फुकट देते. प्राध्यापकांच्या बढतीच्या गुणांत त्याला मोल आलं तेव्हापासून लोकांना तो दर्जाचा शिक्का वाटू लागला, आणि काही हुशार लोक त्याचे वेगळे पैसेही घेतात. ऑनलाइन दुकानांतल्या पाच चांदण्यांच्या शेऱ्यांत निम्मे मावसभाऊ असतात. प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन कथा वाचायच्या ठिकाणचे वाचनाचे आकडे मात्र मी अगदीच उडवून लावणार नाही. पुढचा भाग वाचायला लोक परत येतात ही काही थोडी गोष्ट नाही. फक्त ते आकडे उत्कंठेला मिळालेले असतात. हरिभाऊही हप्त्यानं लिहीत, पण त्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या यमूचं काय झालं हे कळल्यावरही ती कादंबरी पुन्हा वाचावीशी वाटते, आणि ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

माझी स्वतःची रीत फार शास्त्रशुद्ध नाही. प्रस्तावना सोडून देतो. मध्येच कुठेतरी दोन माणसं बोलत असतील ते पान उघडतो. दोघं एकाच आवाजात बोलत असतील तर पुस्तक परत. ऋणनिर्देश मात्र नीट वाचतो. त्यात आमदार, सभापती, संस्थाचालक भरले असतील तर आशा कमी. अमक्यानं पहिला खर्डा वाचून शेवटची तीन प्रकरणं काढायला लावली असं कुठे आढळलं, तर ते पुस्तक मी विकत घेतो, मग मुखपृष्ठ कितीही भयंकर असो. दिवाळी अंक चाळतो. १९०९च्या ‘मनोरंजन’पासून नवा कथाकार मराठी वाचकाला बहुधा तिथेच प्रथम भेटत आला आहे, जाहिरातींनी फुगलेले अंक सोडले, तर अजूनही कुणीतरी पन्नास कथांतून दहा निवडलेल्या असतात.

आणि सगळ्यात खरा साक्षीदार वाचनालयात असतो. जुन्या पद्धतीच्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटच्या पानाला देय तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुरस्कारप्राप्त कादंबरीची चिठ्ठी कोरी आणि शेजारच्या, शिलाई उसवलेल्या, कुणाच्या ऐकिवात नसलेल्या पुस्तकाची चिठ्ठी शिक्क्यांनी भरून दुसरी जोडलेली, असं मी पाहिलं आहे. ही माहिती महाराष्ट्रातल्या हजारो सार्वजनिक ग्रंथालयांत पडून आहे. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी ‘अ’पासून ‘ड’पर्यंत वर्ग पाडले, अनुदान ठरवलं, तपासणीला ग्रंथसंख्या मोजली जाऊ लागली. पण कुठलं पुस्तक लोकांनी खरंच नेलं आणि पुन्हा मागितलं, हे खरेदीच्या वेळी कोण विचारतं? खरेदीत चर्चा कमिशनची होते. जिल्ह्यातल्या ग्रंथपालांनी वर्षातून एकदा नुसती आपापल्या देवघेवीतली दहा नावं जाहीर केली, तर नवा लेखक शोधायला याहून चांगला वाटाड्या मिळणार नाही.

खान्देशात चाळणी चालू शकत नाही, असं मात्र मला कुणी सांगू नये. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली धुळ्यातून ‘कवितारती’ सुरू केलं. कवितेला वाहिलेलं नियतकालिक, तेही पुण्या-मुंबईबाहेरून, आणि ते अख्ख्या मराठी कवितेसाठी. धुळ्याच्या पत्त्यावर कविता पाठवायची आणि धुळ्याचा निकाल ऐकायचा, ही सवय महाराष्ट्राला एका प्राध्यापकानं लावली. गाळणारा माणूस प्रकाशनव्यवसायात असावा लागत नाही, राजधानीत तर नाहीच नाही. त्याच्या नकाराला किंमत असावी लागते. कथा-कादंबरीसाठी असं काही आपल्याकडे उभं राहिलं नाही. मांडव घालण्यात आपण कधी कमी पडलो नाही. अमळनेरनं १९५२ आणि २०२४ अशी दोनदा अखिल भारतीय संमेलनं भरवली. संहिता वाचायला चार माणसं बसवणं त्याहून कितीतरी स्वस्त आहे.

पैसा नाही ही सबब मला पटत नाही. प्रकाशन समारंभाचा हॉल, फ्लेक्स, शाली, नारळ, पाहुण्यांची गाडी, भरीत-पुरीचं जेवण यांची बेरीज करून बघा आणि त्यातला निम्मा भाग दोन वाचकांना मानधन म्हणून द्या. माणसं आहेत. चोपड्याला आहेत, पारोळ्याला आहेत, शिरपूरला आहेत. आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेली, मुलांच्या निबंधात खोटं वाक्य कुठे आहे ते लांबून ओळखणारी. खरी अडचण निराळीच आहे आणि ती मला मान्य आहे. आपल्या गावांत सगळे सगळ्यांना ओळखतात. ज्याच्या मुलाच्या लग्नाला जायचंय त्याच्या कादंबरीवर काट कोण मारणार? म्हणून नाव काढून संहिता लांब पाठवायची. नंदुरबारची भुसावळला, भुसावळची शहाद्याला. बोलीवरून अंदाज लागेल, लागू द्या. वाचणाऱ्यानं दोन पानी टिपण द्यायचं, लेखकानं ते मानायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं, आणि त्या वाचकाकडे प्रस्तावना मागायची नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. त्यासाठी जाणारी संहिता अशी एकदा घासून गेली तर तिथेही तिचं भलंच होईल.

राहिली पुरस्काराची अट. ती समितीनं काढून टाकावी आणि अर्जात प्रकाशकाच्या नावाशेजारी एक रकाना वाढवावा: छपाईआधी ही संहिता कोणी वाचली आणि त्यानंतर तिच्यात काय बदललं. रकाना रिकामा आला तरी पुस्तक बाद करू नये, कारण क्वचित कुणाला पहिल्या खर्ड्यातच साधून जातं. मात्र निकालपत्रावर परीक्षकांनीही एक सही जास्तीची करावी, आलेलं प्रत्येक पुस्तक आपण निदान पन्नास पानं वाचलं आहे याची.